माहिती कागदावर असते की वाचणाऱ्याच्या मनात?

गेल्या अंकात या सदरात मी एक वाक्य ओझरते लिहून गेले होते: ‘माहिती ही वाचणाऱ्यावर अवलंबून असते.’ त्या एका वाक्यावर एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतली पाच येथे थोडक्यात देत आहे. उत्तरे देताना मी ग्रंथपाल म्हणून केलेल्या कामाचा आधार घेतला आहे, कारण या विषयातले सिद्धान्त मला पुस्तकांपेक्षा वाचनालयाच्या टेबलाशीच अधिक कळले.

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवी वर्गातील एक विद्यार्थिनी विचारते: एका पाठ्यपुस्तकात माहिती बिटमध्ये मोजतात असे लिहिले आहे, तर दुसऱ्यात माहिती म्हणजे माणसाच्या ज्ञानरचनेत, म्हणजे मनातल्या कल्पना आणि त्यांच्या जोडणीत, होणारा बदल असे म्हटले आहे. एकाच शब्दाचे इतके वेगळे अर्थ कसे असू शकतात आणि परीक्षेत त्यांतला कोणता लिहावा?

दोन्ही लिहावेत, पण प्रत्येक अर्थ कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आला, हेही सोबत लिहावे. त्याशिवाय ती नुसती व्याख्यांची जंत्री होईल.

आधी आपण मराठीत हा शब्द कसा वापरतो ते पाहा. ‘त्याने मला माहिती दिली’ असे म्हणताना माहिती ही एक क्रिया असते, काहीतरी घडते. ‘मला त्या गावाची माहिती आहे’ यात ती माझ्या ठायी असते, म्हणजे जवळजवळ ज्ञानच असते. ‘ही माहिती फाइलला लावून ठेवा’ असे म्हणतो तेव्हा ती उचलता, ठेवता आणि हरवता येणारी वस्तू होते. मायकेल बकलंड या अभ्यासकाने १९९१ मध्ये नेमके हेच तीन अर्थ वेगळे करून दाखवले आणि ग्रंथालयांच्या व संगणकांच्या यंत्रणा प्रत्यक्षात हाताळतात ती फक्त तिसऱ्या अर्थाची, म्हणजे वस्तुरूप माहिती, हे ठासून सांगितले. आपली बोली हा भेद रोज करत असते; आपण तो लक्षात घेत नाही इतकेच.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करताना जो सिद्धान्त मांडला, त्यात प्रश्न तारेचा होता. एका टोकाला निवडलेला संदेश दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कसा उमटवायचा, आणि त्यासाठी वाहिनीची किती क्षमता लागेल? या अभियांत्रिकी प्रश्नासाठी संदेशाचा अर्थ गैरलागू आहे, असे त्यांनी लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट केले होते. छापा की काटा हे कळले की एक बिट माहिती मिळाली, मग त्या नाणेफेकीवर सामना ठरलेला असो वा नसो. या मोजमापात जे अधिक अनपेक्षित, ते अधिक माहितीपूर्ण; त्यामुळे वाटेल तशी उधळलेली शंभर अक्षरे एखाद्या अभंगाच्या शंभर अक्षरांपेक्षा जास्त माहिती वाहतात. हे ऐकून पुष्कळ विद्यार्थ्यांना धक्का बसतो. सिद्धान्त चुकीचा आहे असा याचा अर्थ नव्हे. तो आपल्या प्रश्नासाठी तयार झालेला नाही, एवढेच.

मात्र शॅनन यांच्या कामातही माणूस डोकावतोच, आणि हा भाग मला फार मोलाचा वाटतो. १९५१ मध्ये त्यांनी छापील इंग्रजीतली अनिश्चितता मोजण्यासाठी माणसांना मजकुरातले पुढचे अक्षर ओळखायला लावले. सव्वीस अक्षरे आणि मोकळी जागा सारख्याच वारंवारतेने येत असती, तर दर अक्षरामागे सुमारे ४.७५ बिट लागले असते. लांब मजकुराच्या बाबतीत प्रत्यक्ष अंदाज एका बिटाच्या आसपास आला. हा खेळ तुम्हीही घरी खेळून पाहा. ‘आळंदीला ज्ञानेश्व’ इथपर्यंत ओळ दाखवा आणि पुढचे झाका. मराठी येणारा कोणीही क्षणात सांगेल. मराठी न येणाऱ्याला पुढे काहीही असू शकते. म्हणजे त्या झाकलेल्या अक्षरातली अनिश्चितता किती, हे पाहणाऱ्याला आधी काय येते यावरून ठरले.

हाच धागा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील बर्ट्रम ब्रुक्स यांनी १९८० मध्ये माहितीशास्त्राच्या पायाशी आणून ठेवला. त्यांचे समीकरण आपल्या शब्दांत असे लिहिता येईल: आधीची ज्ञानरचना अधिक माहितीची भर बरोबर बदललेली ज्ञानरचना. याला गणित समजू नये. त्यातल्या ‘अधिक’च्या चिन्हाने फसायला होते, कारण नवी माहिती आली की ती कणगीत धान्य ओतावे तशी आधीच्या साठ्यावर पडतेच असे नाही; कधी कधी ती जुन्या दोन कल्पनांमधला संबंधच बदलते. ब्रुक्स यांनी हे स्वतः सांगितले होते. परीक्षेत समीकरण पाठ लिहिणारे अनेक असतात, ही पुढची ओळ लिहिणारे विरळा.

एका माध्यमिक शिक्षकांचे पत्र: आठवीची मुले प्रकल्पासाठी मोबाइलवर शोध घेतात आणि पाच मिनिटांत चार पाने उतरवून आणतात. त्यातले एक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगा म्हटले की गप्प बसतात. या मुलांना माहिती मिळाली असे म्हणावे का?

सर, पुढचा उतारा एकदा वाचून पाहा. ‘एका वेळी एकापुरतेच घ्यावे. हाताने दाबत, फिरवत मोठे करत न्यावे. फिरेनासे झाले तर खालून थोडे पुन्हा भुरभुरावे. कडा फाटू लागल्या तर आधीची मेहनत कमी पडली असे समजावे. उचलताना धीर सोडू नये. वरच्या बाजूवरून ओला हात फिरवावा आणि तो ओलावा पुरता सुकण्याच्या आत उलटावे.’ यातले सगळे शब्द साधे आहेत, वाक्येही सरळ आहेत, आणि तरीही हाताला काही लागत नाही. आता याच्या डोक्यावर ‘भाकरी’ एवढे शीर्षक लिहा आणि पुन्हा वाचा. खालून भुरभुरायचे ते पीठ, आधीची मेहनत म्हणजे मळणे, आणि उचलताना धीर कशासाठी तेही उघड होते. कागदावर फक्त एका शब्दाची भर पडली; बाकी सगळे तुमच्याजवळ आधीपासून होते.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये अशाच एका उताऱ्यावर प्रयोग केला होता. त्यांचा उतारा कपडे धुण्याचा होता. ज्यांना विषय आधी सांगितला, त्यांना मजकूर इतरांच्या जवळजवळ दुप्पट आठवला. ज्यांना ऐकून झाल्यावर विषय सांगितला, त्यांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. मुलाने चार पाने उतरवून आणल्यावर आपण वर्गात विषय समजावतो, तेव्हा ती पाने समजून वाचण्याची वेळ टळून गेलेली असते.

म्हणून माझे उत्तर असे की मुलांना कागद मिळाला, माहिती अजून मिळायची आहे. शोधायला पाठवण्यापूर्वी प्रत्येकाकडून या विषयाचे त्याला आधी काय ठाऊक आहे ते अर्धे पान लिहून घ्या, चुकीचे असले तरी चालेल. दुसरे असे की प्रकल्पाला मधला वेळ द्या. कॅरोल कुल्थाऊ यांनी अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांच्या शोधकामाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसले की विषय निवडल्यावर मुले उत्साहात असतात, पण वाचायला लागल्यावर गोंधळ आणि शंका वाढतात, आणि आपल्याला नेमके काय शोधायचे आहे हे सापडल्यावरच पुन्हा आत्मविश्वास येतो. मुलगा मध्येच येऊन ‘सर, मला काहीच कळेना’ म्हणाला तर त्याचे काम नीट चालले आहे असे समजा. उतरवून आणणारी मुले तो गोंधळाचा टप्पाच टाळतात, आणि ‘सोमवारी आणून द्या’ असे सांगून आपणही त्यांना तो टाळायला लावतो.

एका गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल लिहितात: वाचक ‘शेतीचं काहीतरी द्या’, ‘कायद्याचं पुस्तक द्या’ असे मोघम मागतात. नेमके सांगा म्हटले तर नाराज होतात. त्यांना नीट विचारायला शिकवावे का?

ताई, शिकवू नये. यावर मला एक प्रसंग सांगायचा आहे, कारण मीही अनेक वर्षे तुमच्यासारखाच विचार करत होते.

मी तालुक्याच्या वाचनालयात असताना एक साठीचे गृहस्थ आले. पायातल्या वहाणा त्यांनी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. म्हणाले, “बाई, कुळाचं एखादं पुस्तक आहे का?” मी लगेच विचारले, “आडनाव काय, काका?” त्यांनी थोडे थांबून आडनाव सांगितले. आमच्याकडे कुळवृत्तांतांचे एक चांगले कपाट होते आणि दशांश वर्गीकरणातला ९२९ हा वंशावळींचा क्रमांक मला तोंडपाठ होता; दोन मिनिटांत मी त्या आडनावाचा जाडजूड कुळवृत्तांत त्यांच्यापुढे ठेवला. मला स्वतःचे कौतुक वाटले. काकांनी अर्धा तास पाने उलटली, पुस्तक बंद करून दोन्ही हातांनी परत दिले, आणि निघता निघता उंबऱ्याशी थबकून खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. तो सातबाराचा उतारा होता. ‘कुळाचे नाव’, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचे नाव, या रकान्यात त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर कोणा अनोळखी माणसाचे नाव होते, आणि त्या माणसाला जमिनीवर काही हक्क सांगता येईल का, ही चिंता त्यांना महिनाभर झोपू देत नव्हती. त्यांना हवा होता १९४८ चा कूळ कायदा, जो आमच्याकडे कायद्याच्या, ३४६ क्रमांकाच्या कपाटात, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होता.

काकांचा प्रश्न मोघम नव्हता. त्यांच्या दृष्टीने त्यात एकही संदिग्ध शब्द नव्हता. कागदावर जो शब्द छापला होता तोच त्यांनी उच्चारला. माझ्या मनात मात्र त्या शब्दाशेजारी कुलदैवत, कुळाचार आणि वंशावळ होती. चूक माझ्या पहिल्या प्रश्नात होती, कारण ‘आडनाव काय’ हा प्रश्न मी कपाट ठरवून झाल्यावर विचारला होता.

रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये ग्रंथपालांशी बोलून वाचकाच्या गरजेच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी नुसती अस्वस्थता असते, जिला शब्दही नसतात; मग मनातल्या मनात एक अर्धवट वर्णन तयार होते; मग ते प्रश्नाच्या रूपात येते; आणि शेवटी वाचनालयात काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून वाचक तो प्रश्न कापून, बेतून आपल्यापुढे ठेवतो. टेबलापाशी पोचते ती ही चौथी, तडजोड केलेली मागणी. काकांनी ‘माझ्या जमिनीचे काय होणार’ असे विचारले नाही, कारण वाचनालयात पुस्तके मागतात, चिंता सांगत नाहीत, असे त्यांना वाटत होते. निकोलस बेल्किन यांनी पुढे १९८० च्या सुमारास याचे मूळ कारण दाखवले. माणूस माहिती शोधायला निघतो तो आपल्या ज्ञानात कुठेतरी खोट जाणवते म्हणून, आणि जे ठाऊकच नाही त्याचे नेमके वर्णन त्याने कसे करावे? ‘नेमके सांगा’ ही आपली मागणी त्यामुळे अन्यायाची ठरते. ज्याला नेमके सांगता आले असते, त्याचे निम्मे काम आधीच झाले असते.

मग काय विचारावे? ‘हा प्रश्न कशावरून निघाला?’ किंवा ‘कुठे अडलं?’ एवढे पुरते. यात कपाट आधी ठरत नाही आणि वाचकाला आपल्या प्रसंगापासून सुरुवात करता येते. खाजगी कारण सांगायला कोणी कचरला तर आग्रह धरू नये. त्याने कागद काढला तर मात्र पुस्तक शोधण्याआधी तो कागद वाचावा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांतले ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र आपण सगळे भिंतीवर लावतो. मी काकांना दोन मिनिटांत पुस्तक दिले आणि त्यांचा अर्धा तास वाया घालवला.

पुढचे थोडक्यात सांगते. कायद्याचे पुस्तक त्यांना दिलेच, पण ते त्या दिवशी त्यांच्या फारसे उपयोगी पडले नाही. उपयोगी पडले ते वेगळेच. त्या अनोळखी नावाशेजारी एक लहानसा आकडा होता. तो फेरफाराचा क्रमांक आहे आणि ती नोंद कधी व कशाच्या आधारे झाली हे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, सापडेल, असे मी सांगितले. काकांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि बोटाने दुसऱ्या नोंदीवरचा आकडा दाखवून विचारले, “मग हाही तसाच?” एका वाक्याने अख्ख्या उताऱ्यावरचे सगळे किरकोळ आकडे बोलू लागले होते. ब्रुक्स यांचे समीकरण मला पहिल्यांदा खरे समजले ते त्या क्षणी.

एका निवृत्त महसूल कर्मचाऱ्यांचा आक्षेप: माहिती वाचणाऱ्यावर अवलंबून असते हे म्हणणे धोक्याचे आहे. मी आयुष्यभर नोंदी लिहिल्या. उताऱ्यावर ०.४० असे क्षेत्र लिहिले असेल, तर ते कोणीही वाचले तरी तेवढेच असते.

आपला आक्षेप रास्त आहे आणि माझे वाक्य अपुरे होते, हे मी मान्य करते. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी बाहेरचे भौतिक जग आणि आपल्या मनातले जग यांच्याखेरीज एक तिसरे जग मानले: लिहिलेले, मांडलेले, कोणाच्याही मनावर अवलंबून नसलेले ज्ञान. ब्रुक्स यांनी माहितीशास्त्राचे काम याच तिसऱ्या जगावर उभे केले. नोंद ही नोंदच असते, ती खरी किंवा खोटी असते, आणि ती वाचणारा कोणी नसला तरी तिचे खरेखोटेपण टिकते. हे मान्य नसेल तर दप्तर सांभाळण्याला अर्थच उरणार नाही.

पण ०.४० हाच आकडा घ्या. आपण तो पाहताच चाळीस आर, म्हणजे एकराला थोडेसे कमी, असे वाचता. शहरात वाढलेली आपली नात त्याला ‘पूर्णांक नाही, चाळीस शतांश’ म्हणेल आणि कशाचे शतांश ते तिला विचारावे लागेल. आकडा दोघांनाही सारखाच दिसला. हेक्टरचे शंभर आर होतात आणि गुंठा साधारण एका आरएवढाच असतो, हे आपल्या वाचनात आधीच मिसळलेले होते.

आपल्या पत्रातून आणखी एक गोष्ट निघते, जी बिर्गर यॉरलँड या डॅनिश अभ्यासकाने १९९० च्या दशकात फार आग्रहाने मांडली. त्यांचे म्हणणे असे की ज्ञानरचना एकेकट्या माणसाच्या डोक्यात शोधत बसणे ही चूक आहे. ती व्यवसायांत, शास्त्रांत, कामाच्या परंपरांत घडते. ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ माझ्या आणि काकांच्या स्वभावातून आले नव्हते. एक महसुली दप्तरातून आला होता, दुसरा कुळवृत्तांतांच्या कपाटातून. मला हे म्हणणे पटते, तरी पूर्ण पटत नाही, कारण एकाच दप्तरात वाढलेली दोन माणसे एकच कागद वेगळा वाचताना मी पाहिली आहेत. गेल्या अंकातले वाक्य आता असे दुरुस्त करते: नोंद कागदावर असते, तिचा अर्थ लावण्याची रीत समाजाकडून मिळते, आणि तिच्यामुळे काय बदलते हे वाचणाऱ्या त्या एका माणसावर अवलंबून असते.

एका वाचकाचा छोटा प्रश्न: हल्ली संगणकाला विचारले की तो उत्तर देतो. मग त्याला माहिती समजते असे म्हणायचे का?

मार्क द मे या अभ्यासकाने १९७७ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील एका परिसंवादात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. माहितीवर प्रक्रिया करणारा माणूस असो वा यंत्र, त्याच्याजवळ जगाचे काही एक चित्र असते आणि येणारी प्रत्येक गोष्ट त्या चित्रातून गाळूनच घेतली जाते. यंत्राजवळचे चित्र आपल्या मजकुरांतून आणि ते घडवणाऱ्यांच्या निवडींतून आलेले आहे. त्याला ‘समजणे’ म्हणावे की नाही हा वाद मोठा आहे, आणि तो येथे उरकण्याजोगा नाही. आपल्या कामापुरते एवढे लक्षात ठेवा की आपल्या खिशातला कागद त्याला दिसत नाही. ‘कूळ म्हणजे काय’ असे विचारू नका. ‘वडिलांच्या जमिनीच्या सातबारावर कुळाच्या रकान्यात एक अनोळखी नाव आहे, शेजारी फेरफाराचा क्रमांक आहे, ती नोंद कशी झाली ते मला पाहायचे आहे’ असे लिहा, आणि जे उत्तर येईल ते घेऊन एकदा तलाठी कार्यालयात जाऊन या.